‘जेस्ट’ कसा वापरावा: कोर्टाशेजारच्या टेबलावरून

१९९३ साली मी शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका भाषांतराच्या गाळ्यात कामाला लागले. नारायण पेठेतल्या टायपिंग क्लासातून इंग्रजी चाळीसची परीक्षा पास झालेली. बोटं पळायची, डोकं मागून चालत यायचं. दुसऱ्याच महिन्यात एका फिर्यादीचं इंग्रजी करताना ‘फिर्यादीचा आशय थोडक्यात असा’ या वाक्याला मी लिहिलं, ‘द जेस्ट ऑफ द कम्प्लेंट इज ॲज फॉलोज’. वकीलसाहेबांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “बाई, पक्षकार बाहेर पायरीवर बसून रडतोय, आणि तुम्ही लिहिलंय की त्याच्या तक्रारीची थट्टा खालीलप्रमाणे.”

हवा होता जिस्ट, म्हणजे सार. जी-आय-एस-टी. मी हाणला होता जे-ई-एस-टी. मूळ प्रत आणि तीन कार्बन, सगळं पुन्हा. त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यात जो ठाण मांडून बसला, तो आता गाळा माझा झाला, टाइपरायटर जाऊन संगणक आला, कोर्टाजवळ जमिनीखालून एक मेट्रो आणि डोक्यावरून दुसरी धावायला लागली, तरी हललेला नाही. गेल्या काही वर्षांत दोन-तीन जणांनी मला याचा नेमका वापर विचारला. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी कान. मराठीत आपल्याकडे ज दोन. एक जेवणातला, एक जावेतला. जेस्टचा ज जेवणातला. त्यावरचा एकार आखूड, आणि शेवटी स्वच्छ दंत्य स. ज्या घरात ‘बेष्ट’ म्हणतात त्या घरात हाही ‘जेष्ट’ होतो आणि मग कुणीतरी ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीबद्दल बोलतंय असं वाटतं. दुसरी गफलत झेस्टशी. झेस्ट म्हणजे उत्साह, किंवा लिंबाच्या सालीचा बारीक किस. केकच्या कृतीत ‘लेमन जेस्ट’ लिहिलेलं मी वाचलंय. लिंबाची थट्टा घालून केक कसा होतो ते करून बघायला हवं. जिस्टचं वर आलंच. एकच चुलत नातेवाईक खरा आहे, तो जेस्चर, म्हणजे हावभाव. त्याच्याकडे पुढे येते.

आता अर्थ. जेस्ट म्हणजे थट्टा, गंमत. शब्द जुन्या वळणाचा. आज इंग्रजी बोलणारा माणूस चहा पिताना ‘जोक’ म्हणतो, ‘किडिंग’ म्हणतो. जेस्ट सहसा म्हणत नाही. आपल्याकडे ‘मी निघतो’ म्हणायच्या जागी कुणी ‘मी प्रयाण करतो’ म्हटलं तर समोरचा जसा वर बघेल, तसं होतं. पण मेलेला शब्द नाही. लेखी इंग्रजीत आहे, कायद्याच्या इंग्रजीत तर चांगला धडधाकट आहे, आणि ठरावीक दोन-तीन जागा अशा आहेत की तिथे त्याच्याशिवाय दुसरा शब्द बसत नाही. आपल्याला त्या जागा ओळखायच्या आहेत. बाकी ठिकाणी ‘जोक’ बरा. गंमत अशी की आपण ज्याला जुनाट म्हणतो तो जेस्ट आणि नवा म्हणतो तो जोक, यांच्या वयात खरंच अंतर आहे. जोक हा शब्द इंग्रजीत आला सतराव्या शतकात. जेस्ट त्याआधीपासून होता, पण वेगळ्या कामावर.

तो चक्क पोवाड्याच्या कामावर होता. लॅटिनमध्ये ‘गेस्टा’ म्हणजे केलेली कृत्यं, पराक्रम. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘जेस्त’ म्हणजे पराक्रमाची कथा, वीरगाथा. इंग्रजीत तो याच अर्थानं शिरला आणि अशी जेस्ट सांगणारा तो ‘जेस्टर’, आपला शाहीर म्हणा. मग शतकाशतकानं घसरण झाली. पराक्रमाची कथा, मग नुसतीच रंजक कथा, मग फुकाची बडबड, मग कुणाला लावून बोललेलं, आणि सोळाव्या शतकात येऊन थट्टा. शाहिराचा झाला सोंगाड्या. त्याच मुळातून दुसऱ्या बाजूनं जेस्चर निघाला. मूळ क्रियापदात ‘वाहणं, वागणं, करणं’ हे सगळं आहे.

हे कळलं तेव्हा मला आपला ‘चेष्टा’ आठवला. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, कृती. हिंदीत आजही चेष्टा म्हणजे प्रयत्न. ‘सफल होने की चेष्टा’ वाचून मराठी माणूस गालात हसतो. मराठीत मात्र चेष्टा म्हणजे थट्टाच. म्हणजे तिकडे ‘केलेली कृत्यं’ घसरत घसरत थट्टेला आली, इकडेही ‘कृती’ घसरत थट्टेला आली. उच्चारही गेस्टा, चेष्टा असे कानाला जवळचे लागतात, पण त्यावर नातं जोडायला जाऊ नका, दोन्ही घराणी वेगळी. वाट तेवढी सारखी. मी माझ्यापुरतं सूत्र करून ठेवलंय: जिथे मराठीत ‘चेष्टेनं’, ‘थट्टेत’, ‘गमतीनं’ असं विभक्ती लावून येतं, तिथे जेस्ट. जिथे ‘एक विनोद सांगतो’ येतं, तिथे जोक.

ही विभक्तीची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण या शब्दाचं आजचं नव्वद टक्के आयुष्य एकाच जोडीत जातं: ‘इन जेस्ट’. मध्ये अ नाही, द नाही, अनेकवचन नाही. ‘इन अ जेस्ट’ चूक. ‘इन जेस्ट्स’ चूक. ‘ही सेड इट इन जेस्ट’, तो थट्टेत म्हणाला. ‘इट वॉज मेंट इन जेस्ट’, गमतीनं म्हटलं होतं. ‘हाफ इन जेस्ट’, अर्धं गमतीत आणि अर्धं मनातलं, म्हणजे आपल्या सासू-सुनांचं बहुतेक संभाषण. इथे शब्द बोललेल्या गोष्टीचं वर्णन करत नाही, बोलणाऱ्याच्या मनाचं करतो. हा फरक माझ्या हाती नेमका कधी लागला ते सांगते.

आमच्याकडे खालच्या कोर्टात काम मराठीत चालतं, पण प्रकरण मुंबईला उच्च न्यायालयात निघालं की मराठी कागदांचं इंग्रजी करून लावावं लागतं. तीच माझी रोजीरोटी. असाच एका म्हाताऱ्या बाबांच्या उलटतपासाचा कागद आला. शिरूरकडचे बाबा. नाव-गाव सांगत नाही, गोष्ट तेवढी सांगते. थंडीत शेतावर हुरडा लागलेला, आगटीभोवती भाऊबंद बसलेले, आणि पुण्यात बंगला बांधलेला चुलतभाऊ म्हणाला, विहिरीकडचा तुकडा देतो का. बाबा म्हणाले, “घे की! दोन लाखाला घे. तुला काय कमी?” सगळे हसले. चुलतभावानं खिशातली कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका काढली, मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या, बाबांनी हसत हसत सही केली. पाचशेची नोट त्यानं बाबांच्या सदऱ्याच्या खिशात कोंबली. बाबांनी दुसऱ्या दिवशी त्याच नोटेचं पोरांना फरसाण आणलं. पुढे दावा.

उलटतपासात एक वाक्य होतं: ‘मी ते थट्टेवारी बोललो होतो.’ याला इंग्रजी काय करायचं? ‘ॲज अ जोक’ लिहिलं तर वाटतं, माणसानं ठरवून एक विनोद रचला. ‘फॉर फन’ लिहिलं तर माणूस उनाड वाटतो. बाबांनी विनोद रचला नव्हता, मजा मारायला सहीही केली नव्हती. बोलताना त्यांच्या मनात विकायचं नव्हतं, एवढंच. ‘आय हॅड सेड सो इन जेस्ट.’ ते वाक्य टाइप करून मी हात मागे घेतला. बरोबर त्याच मापाचं झालं होतं.

जेस्टच्या समोर इंग्रजीत जो शब्द उभा राहतो, तो अर्नेस्ट. ‘इन जेस्ट’ की ‘इन अर्नेस्ट’, थट्टेनं की मनापासून. ही जोडी पाठच करून ठेवा, लिहिताना फार उपयोगी पडते. आणि आता ज्यांनी कधी फ्लॅट घेतलाय त्यांच्या लक्षात येईल: इसाराला इंग्रजीत काय म्हणतात? अर्नेस्ट मनी. बाबांच्या कागदात दोन ओळींच्या अंतरानं एकदा इन जेस्ट आणि एकदा अर्नेस्ट मनी आलं. बोलले थट्टेत आणि खिशात इसार. भाषांतर करणारीनं हसू नये, पण मी हसले. कोशात पाहिलं तर हे दोन अर्नेस्ट मुळात वेगळे आहेत. ‘मनापासून’वाला जुन्या इंग्रजीतला घरचा, आणि इसारवाला लॅटिन-ग्रीकमधून आलेला, त्याच्याही मागे हिब्रूसारख्या सेमिटिक भाषेतला तारण-शब्द. घरच्याशी उच्चार जुळत गेला आणि दोघं एकाच स्पेलिंगखाली नांदायला लागले. पण व्यवहारात अर्थ असा जुळलाय की वेगळं करवत नाही: ज्यानं पैसे टाकले तो थट्टा करत नाहीये.

बाबांच्या वकिलांनी तेव्हा मला एक अमेरिकन खटला सांगितला. मी नंतर तो शोधून पुरता वाचला, आणि हा शब्द शिकायचा असेल तर याहून चांगला धडा मला माहीत नाही. व्हर्जिनियातला, लुसी विरुद्ध झेमर, निकाल १९५४ चा. झेमर नावाच्या माणसाचं हॉटेल होतं आणि ‘फर्ग्युसन फार्म’ नावाची ४७१.६ एकर जमीन. (आमच्या फर्ग्युसन रोडशी संबंध नाही.) १९५२ च्या डिसेंबरमध्ये, नाताळ तोंडावर आलेला असताना, लुसी तिथे आला. दोघांनी पिताना बोलणं वाढवलं. पन्नास हजार डॉलरला देतोस? देतो. झेमरनं हॉटेलच्या बिलाच्या कागदावर मागच्या बाजूला लिहिलं आणि सही केली. बायकोची सही हवी, तर ती तयार होईना. तेव्हा तिच्या कानाशी म्हणाला, अगं, गंमत आहे ही. तिनंही केली. लुसीनं सौदा पक्का करायला पाच डॉलर पुढे केले. झेमरनं ते घेतले नाहीत. पुढे झेमर म्हणत राहिला, हे सगळं थट्टेत होतं, आम्ही दोघं प्यायलेले एकमेकांना फुशारक्या मारत होतो. कोर्टानं सांगितलं, तुझ्या मनात काय होतं ते मनात. तुझ्या वागण्या-बोलण्यावरून समोरच्या शहाण्या माणसाला काय वाटलं ते आम्ही बघणार. जमीन द्यावी लागली.

म्हणजे पाच डॉलर न घेऊनही झेमरची थट्टा कोर्टाला पटली नाही, आणि आमच्या बाबांनी तर पाचशेचं फरसाण खाल्लेलं. त्याला आपल्याकडे मस्करीची कुस्करी म्हणतात.

तर वापराचा पहिला नियम इथूनच घ्या. इन जेस्ट हे बहुधा मागाहून सांगायचं असतं, खुलासा म्हणून. आधी बोललो, समोरच्यानं भलतं घेतलं, आता सारवासारव. म्हणून तो माफीच्या पत्रात, जबाबात, खुलाशात शोभतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला कुणी सभेत ‘तुमच्या काळात लिफ्टपेक्षा कबुतरं जास्त वर गेली’ म्हटलं आणि ते इतिवृत्तात आलं, तर पुढच्या सभेच्या इंग्रजी इतिवृत्तात ‘द रिमार्क वॉज मेड इन जेस्ट’ असं लिहावं. (आमच्या सोसायटीत लिहिलं. सेक्रेटरी तरी बोलत नाहीत ते सोडा.)

क्रियापद म्हणूनही तो चालतो, पण जपून. ‘आय जेस्ट’ म्हणजे गंमत केली हो. ‘शुअरली यू जेस्ट’ म्हणजे ‘थट्टा तर करत नाही ना आपण?’ हे दोन्ही आज बोलताना मुद्दाम नाटकी सुरात म्हणतात, संगीत नाटकातल्या पात्रासारखं हात छातीशी नेऊन. सूर नाटकी नसेल तर वाक्य फसतं. माझी भाची हिंजवडीला नोकरी करते. तिच्या टीममधल्या एका मुलाला परदेशातल्या ग्राहकाची मुदत फार कमी वाटली, म्हणून त्यानं मेलमध्ये लिहिलं, ‘आय होप यू आर जेस्टिंग’. त्याच्या मनात ‘गंमत करताय ना सर’ असं लाडिक होतं. तिकडे पोचलं ते ‘मस्करी लावली आहे का’ असं. दोन दिवस फोनवर शांतता. त्या जागी ‘द टाइमलाइन लुक्स टाइट टू अस’ एवढं पुरलं असतं. वरिष्ठाला, ग्राहकाला, शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि विहिणीला उद्देशून जेस्ट हे क्रियापद वापरू नये. स्वतःबद्दल वापरावं, किंवा दोस्ताला.

भाचीनं हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, अगं पण या पोराला हा शब्द सुचला कुठून? तर म्हणाली, “मावशी, आमच्या तोंडात तो रोज असतो.” जेस्ट नावाचं प्रोग्रॅम तपासायचं साधन आहे, फेसबुकमध्ये तयार झालेलं, जावास्क्रिप्टसाठी. सकाळी आल्यापासून हे लोक ‘जेस्ट चालव, जेस्टमध्ये फेल झालं’ करत असतात. म्हणजे या इंग्रजी शब्दाचा पुण्यात सगळ्यात जास्त उच्चार हिंजवडीत होतो आणि तिथे कुणीही थट्टा करत नसतं.

क्रियापदापुढे शब्द कोणता लावता त्यावर अर्थ हलतो. जेस्ट विथ म्हणजे कुणाबरोबर थट्टा, दोघं हसतायत. जेस्ट अबाउट म्हणजे कशाविषयी. जेस्ट ॲट म्हणजे कुणावर, आणि तिथे एकजण हसत नसतो. आपल्या थट्टेतलं ‘शी’ आणि ‘ची’ तसंच: त्याच्याशी थट्टा केली, त्याची थट्टा केली. एका अक्षरानं माणूस पंगतीतून उठून पानात पडतो.

आणि सगळ्या थट्टेला जेस्ट म्हणता येत नाही, इथे आपण मराठी लोक हमखास घसरतो. कारण आपल्याकडे या मालाचं दुकान मोठं आहे: थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, खिल्ली, टर, फिरकी, टोमणा, कोटी, कुचेष्टा, विटंबना. पुण्यात तर यातल्या प्रत्येकाची वेगळी पेठ निघेल. यातले पहिले तीन बिनधास्त जेस्ट. फिरकीला लेग-पुलिंग. शाब्दिक कोटीला पन. टिंगल-टवाळीला मॉकरी किंवा रिडिक्यूल, कारण तिथे दुखवायचं असतंच. टोमण्याला टॉन्ट. शालजोडीतल्याला मला आजवर इंग्रजी सापडलेलं नाही. तो शालीत गुंडाळून मारायचा असतो आणि इंग्रजीत नेला की एक तर शाल राहते किंवा जोडा. दुकानावरच्या पुणेरी पाट्यांना कुणी जेस्ट म्हणत असेल तर त्यानं पाटी लिहिणाऱ्याशी एकदा बोलून पाहावं. तो गंभीर असतो.

जेस्टच्या पोटात दंश नसतो, असला तर गोड असतो. आगरकरांचं उदाहरण घ्या. सनातनी मंडळींनी याच पुण्यात ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. करणाऱ्यांपैकी कुणी म्हणालं असेल की गंमत केली. तिला जेस्ट म्हणायचं नाही, ती विटंबना, मॉकरी. आणि हेच आगरकर शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ मराठीत आणणारे, ‘विकारविलसित’, १८८३. त्या नाटकाच्या पाचव्या अंकात राजपुत्राच्या हाती जुन्या विदूषकाची कवटी येते, लहानपणी ज्याच्या पाठीवर बसून खेळला त्याची, आणि तो म्हणतो, ‘अ फेलो ऑफ इन्फिनिट जेस्ट’. ज्याच्या थट्टेला अंत नव्हता असा माणूस. इथे जेस्ट हा एक विनोद नाही, स्वभाव आहे. एखाद्याचा मृत्युलेख इंग्रजीत लिहायची वेळ आली आणि माणूस खरंच गप्पिष्ट, हसवणारा असेल, तर हे तीन-चार शब्द उसने घ्यायला हरकत नाही. मी एका निवृत्त बेलिफांच्या शोकसभेच्या पत्रकात घेतले होते. त्यांच्या मुलानं विचारलं, “काकू, इन्फिनिट जरा जास्त नाही होत?” मग ‘मच’ केलं.

जेस्ट करणारा तो जेस्टर. शब्दकोश विदूषक सांगतात, आणि संस्कृत नाटकातला विदूषक डोळ्यापुढे ठेवला तर ठीकच आहे. मला सोंगाड्या जास्त जवळचा वाटतो. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाला तोंडावर बोलतो आणि राजाला हसून घ्यावं लागतं. दरबारातल्या जेस्टरचा परवाना तोच. सर्कशीतल्या जोकरला मात्र जेस्टर म्हणू नका, तो क्लाउन. परवान्याला हद्द असते हेही जेस्टरच्या गोष्टींतच कळतं. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाकडे आर्ची आर्मस्ट्राँग नावाचा होता, आधी त्याच्या बापाकडेही होता. आर्चबिशप लॉड हे त्याचं खास गिऱ्हाईक. लॉड या शब्दाचा अर्थ स्तुती, आणि आर्चबिशप उंचीनं कमी. जेवणाआधीच्या प्रार्थनेत आर्ची म्हणाला असं सांगतात, ‘ग्रेट प्रेज बी गिव्हन टू गॉड, अँड लिटल लॉड टू द डेव्हिल’. देवाची थोर स्तुती असो आणि सैतानाची छोटीशी. कोटी अशी की पु. लं.च्या शहरातही टाळी पडावी. पण १६३७ मध्ये स्कॉटलंडचे लोक लॉडच्या प्रार्थनापुस्तकावरून उसळले, तेव्हा आर्चीनं त्याला पुन्हा डिवचलं, आता मूर्ख कोण? या खेपेला अंगावरचा विदूषकी कोट डोक्यावरून ओढून काढला आणि दरबारातून हाकलून दिलं.

एक म्हण लक्षात ठेवा, भाषणात उपयोगी पडेल: ‘मेनी अ ट्रू वर्ड इज स्पोकन इन जेस्ट’. थट्टेत खरं निघून जातं. आपली ‘लेकी बोले सुने लागे’ तिच्या शेजारची, पण तीच नव्हे. तिथे बोलणारीला निशाणा पक्का ठाऊक असतो, इथे बोलणाऱ्याला आपण खरं बोललो हे कधी कधी दुसऱ्याकडून कळतं.

उलट्या बाजूनं, म्हणजे मराठीतून हा शब्द गाठायचा असेल तर मोल्सवर्थ उघडा. १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. माझ्याकडे पुनर्मुद्रण आहे, अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं. थट्टा काढा, जेस्ट भेटतो. तेव्हा तो जुना नव्हता, चालता शब्द होता. म्हणूनच आमच्या कोर्टाच्या इंग्रजीत तो टिकला असावा असं मला वाटतं: आपण इंग्रजी शिकलो त्या काळाचं, आणि कपडे बदलले तरी दागिने तेच ठेवले. याच कामातले मेजर कँडी, पुण्यात राहिलेले, मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय त्यांना देतात. त्यांनी स्वल्पविराम दिला, उद्गारचिन्ह दिलं, थट्टेचं चिन्ह काही दिलं नाही. ते आता व्हॉट्सॲपनं डोळ्यात पाणी आणून हसणाऱ्या पिवळ्या तोंडाच्या रूपात दिलंय. बाबांच्या लग्नपत्रिकेच्या मागे ते तोंड काढलेलं असतं तर वकिलांचं काम सोपं झालं असतं.

बाबा कागद न्यायला स्वतः आले होते, नातवाला घेऊन. मी त्यांना पाणी दिलं आणि इंग्रजी पानावर बोट ठेवून ओळ दाखवली.

“हे बघा बाबा, तुमचं थट्टेवारी बोललेलं इथं आलंय.”

नातवानं वाचून दाखवलं. इन जेस्ट.

“दोनच शब्द?” बाबा म्हणाले.

“दोनच.”

“एवढ्याशा थट्टेपायी सात वर्षं झाली, ताई.” मग कनवटीची पिशवी सोडत म्हणाले, “पैसे शब्दावर घेता का पानावर?”

“पानावर.”

“मग आणखी दोन शब्द घाला की त्याच पैशात. लिहा, पाचशे परत द्यायला तयार आहे.”